गाडी पहिल्यांदा कुठं थांबली

गोजरबाईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पडला. भंतेजी जेवून गेले, पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि मग घरातली माणसं ओसरीवर बसून भांडायला लागली. भांडण असं, की ती मेली कुठं.

बायको गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही. पण ग्रामसेवक अप्पारावनं विचारलं, घर आता कुणाच्या नावावर करायचं. घर गोजरबाईच्या नावावर होतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा ते बाईच्या नावानं झालं, आणि तेव्हापासून मी तिच्याशी एकही भांडण जिंकलो नाही. मी आवाज चढवला की ती म्हणायची, "माझ्या घरात हायसा, जरा हळू." आता तेच घर माझ्या नावावर करायचं तर तिच्या मृत्यूचा दाखला हवा. दाखला हवा तर नोंद हवी. आणि माणूस जिथं मरतं तिथल्याच कचेरीत नोंद होते.

माझा मुलगा राजकुमार म्हणाला, "त्यात काय विचारायचं? आई दवाखान्यात गेली." त्यानं शेंद्र्याच्या कारखान्यात सगळ्यांना असंच सांगितलं होतं, की डॉक्टरांनी लई प्रयत्न केले. खरं म्हणजे त्या दिवशी तो कामावरून थेट दवाखान्यात पोचला, आम्ही दौलताबादहून गाडीनं पोचलो, आणि डॉक्टरनं तिची नाडी बघून हात परत खाली ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, आणण्याआधीच मृत्यू. ती चिठ्ठी राजकुमारच्या खिशातच होती. तरी तो दवाखाना म्हणत होता. पुढं एकदा त्यानं मला सांगितलं, की सगळ्या रस्त्यानं मोटारसायकलवर त्याच्या डोक्यात एकच होतं, आईला डॉक्टरचा हात लागला पाहिजे. हात तर लागला होता. मग दवाखाना म्हटलं तर त्यात खोटं काय, असं त्याला वाटत होतं.

गोजरबाईची धाकटी बहीण दगडाबाई आमच्याच गावात दिलेली आहे. तिनं दवाखाना उडवून लावला.

"ती घरातच गेली दाजी, उंबऱ्यातच. तुम्ही उगं मढं गाडीत घातलं."

"मढं म्हणू नका मावशी," सून रूपा म्हणाली. "मढं होतं तर गाडीत बसल्यावर माझ्याकडून घराची किल्ली कुणी मागून घेतली? माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून कमरेला खोवली."

सरितानं मावशीची बाजू घेतली. सरिता माझी मुलगी, शहरात मुकुंदवाडीला असते. आई घरात गेली असं ठरलं, की गाडी उशिरा का बोलावली हा प्रश्न येतो, आणि घरात तर रूपा होती. सरितानं तो प्रश्न विचारलाच. रूपानं सांगितलं, की सकाळपासून छातीत कळा येत होत्या, पण गाडी बोलावलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील अशी आत्याबाईंनी शपथ घातली, कारण घेवडा निवडायचा राहिला होता. घेवडा निवडून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, आता बोलाव. हे ऐकून सरिता रडायला लागली, कारण आई अशीच होती हे तिलाही ठाऊक होतं. मग रूपाही रडली. दोघींनी एकमेकींकडं पाठ करून रडून घेतलं आणि पुन्हा भांडायला बसल्या.

मी गप्प होतो. गाडीत जे झालं होतं ते माझ्या तोंडून निघू नये म्हणून गप्प होतो.

गाडी सांडूची. सांडू आमचा शेजारी, लहानपणी अर्धं जेवण आमच्याच घरी जेवलेला. त्याची काळीपिवळी जीप दौलताबाद ते शहर चालते. रस्त्यात कुणी हात दाखवला की थांबायचं, सवारी घ्यायची, पुढं जायचं, हाच त्याचा धंदा. त्या दिवशी माझा उजवा गुडघा वाकत नाही म्हणून मी पुढं बसलो. मागं गोजरबाई रूपाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, समोरच्या बाकावर दगडाबाई. सांडूनं गाडी अशी पळवली, की मला वाटलं गोजरबाईच्या आधी आपणच जातो. आणि मिटमिट्याला रस्त्याच्या कडेला एका बाईनं हात दाखवला.

सांडूनं गाडी थांबवली. बाई मागचं दार उघडून टोपल्यासकट आत बसली. सांडूनं गिअर टाकला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आज गाडीत सवारी नाही, गोजरकाकू आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. बाईला उतरवायचं म्हणजे पुन्हा थांबायचं. म्हणून तो तसाच निघाला. गुरुवार होता. बाई छावणीच्या बाजारात उतरली.

हे राजकुमारला कळलं असतं तर त्यानं सांडूला सोडलं नसतं. त्याचा हात लवकर उठतो. सरिताच्या लग्नात बँडवाल्याचं काय झालं ते गाव विसरलेलं नाही. म्हणून आम्ही गाडीतल्या चौघांनी ही गोष्ट गिळली. यावर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही, पण आमचं ठरलं होतं.

माझी अडचण वेगळीच होती. ती कधी गेली हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी पुढं तोंड करून बसलो होतो, इंजिनाच्या आवाजात मागचं हळू बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मी "आलंच, आलंच" म्हणत होतो. मागं बघायला गेलो की रूपा म्हणायची, "बाबा, पुढं बघा. झोपल्यात." त्या रस्त्यावर कुठंतरी माझी बायको गेली, आणि कुठं ते मला कळलं नाही. रस्ता तर तोच. भाजीला, दवाखान्याला, लेकीकडं, सगळीकडं जायचा तोच. आता त्यावरून जाताना मी प्रत्येक झाडाकडं बघायचो, की इथं का. राजकुमारला कागद पाहिजे होता. मला ठिकाण पाहिजे होतं.

राजकुमारनं ठरवलं, की सगळ्यांनी मिळून कचेऱ्यांत जायचं, म्हणजे मागून कुणी बोलणं फिरवायला नको. जायला गाडी सांडूचीच. तो सकाळी गाडी धुऊन दारात उभा राहिला, आणि त्याच्या कपाळावर तेव्हापासूनच घाम होता.

पहिल्यांदा अप्पाराव. दगडाबाईनं त्याला सांगितलं, की बहीण उंबऱ्यातच गेली, लिही. अप्पाराव म्हणाला, मावशी, काकू गाडीत चढताना मी समोर पारावर होतो. काकूंनी मला बघून विचारलं, नळाला पाणी कधी सोडणार. मेलेलं माणूस नळाचं विचारतं का? दगडाबाई म्हणाली, आमच्या गोजरानं विचारलं असतं. पण अप्पारावनं काही लिहिलं नाही. त्याच्या हद्दीतून काकू जिवंत गेल्या होत्या, आणि त्यांच्या पाण्याच्या तक्रारीचा तो स्वतःच साक्षीदार होता.

मग दवाखाना. तिथल्या खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी वाचली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, की बाई इथं भरती झाल्याच नाहीत, त्यामुळं इथून त्यांची नोंद निघत नाही, महापालिकेत जा. राजकुमार त्याला बराच वेळ समजावत होता, की भरती व्हायलाच आणलं होतं. तो माणूस म्हणाला, आणलं होतं हे खरं आहे. एवढ्यावरच ते संपलं.

महापालिकेच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या टेबलावर उमाताई म्हणून एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, टेबलावर डबा, डब्यावर गजरा काढून ठेवलेला. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, मग मृत्यू कुठं झाला? राजकुमार, दगडाबाई आणि रूपा एकदम बोलले. तिघांनी तीन ठिकाणं सांगितली. उमाताईंनी पेनाला टोपण घातलं.

"एकानं बोला. बाई घरातून जिवंत निघाल्या?"

"व्हय," रूपा म्हणाली.

"दवाखान्यात पोचल्या तेव्हा नव्हत्या?"

"नव्हत्या."

"म्हणजे गाडीत गेल्या. चालत्या गाडीत कुणी गेलं, तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथं थांबते ते मृत्यूचं ठिकाण धरतात. नियमच आहे. आणि खबर गाडी चालवणाऱ्यानं द्यायची. कोण चालवत होतं?"

सांडू खांबाआड उभा होता. सरितानं त्याला दंडाला धरून आणलं. उमाताईंनी विचारलं, रस्त्यात कुठं थांबलास? सांडू म्हणाला, कुठंच नाही मॅडम, सुसाट.

"सिग्नलला थांबला असशील."

"सिग्नलला मी कधीच थांबत नाय."

राजकुमारनं मान डोलावली. त्याला सांडूचा अभिमान वाटला असावा. उमाताई म्हणाल्या, मग गाडी पहिल्यांदा दवाखान्याच्या दारातच थांबली, ती आमचीच हद्द, नोंद इथं होईल. राजकुमारचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. दवाखाना नाही तर दवाखान्याचं दार, पण त्याच्या आईला जागा मिळाली. उमाताईंनी फॉर्म पुढं ओढला. सांडूनं डोळे मिटून श्वास सोडला. मी भिंतीकडं बघत होतो. हे खोटं आता कागदावर जाणार आणि मला ते ठिकाण कधीच कळणार नाही, एवढं मला कळत होतं. पण तोंड उघडलं तर सांडूचं काय होईल तेही कळत होतं.

उमाताईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं, की बाईंच्या जवळ कोण बसलं होतं. दगडाबाईला सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. अप्पारावनं तिला खोटं पाडलं होतं. तिची सख्खी बहीण गेली होती. ती पुढं सरकली.

"मी होते. सगळ्या रस्त्यानं डोळ्याला डोळा लावला नाय."

रूपाला एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण तिनंही सकाळपासून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. "मावशी, गाडी गावाबाहेर पडायच्या आत तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत होते? मंग त्या बाईचं टोपलं माझ्या पायावर आदळलं ते मला कसं कळलं?"

राजकुमार मावशीकडं वळला.

"कुठल्या बाईचं?" राजकुमारनं विचारलं.

दगडाबाईनं माझ्याकडं बघितलं. रूपानं जमिनीकडं बघितलं. सांडू दाराकडं बघत होता, पण दारात सरिता उभी होती. मग सांडूनंच सांगितलं. त्याला दुसरं काही सुचलं नसेल. "हात दिसला की पाय आपसूक ब्रेकवर जातो राजूभाऊ. पायाला काय सांगू मी, की आज नको."

राजकुमारनं त्याची कॉलर धरली. माझ्या गुडघ्यानं मला उठू दिलं नाही. उमाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मारामारी जिन्याखाली करा. इथं नोंदणी चालते." त्यांनी हे इतक्या सवयीनं म्हटलं, की राजकुमारचा हात सुटला. तिथं रोज कुणीतरी कुणाची तरी कॉलर धरत असणार.

मग त्यानं सांडूला सोडून आमच्याकडं तोंड वळवलं. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

सरिता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या लग्नातल्या बँडच्या भानगडीपासून हे बहीणभाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता दोघं एका बाजूला आणि गाडीतले आम्ही दुसऱ्या बाजूला, असं झालं. सरिता मला म्हणाली, "बाबा, आई मरत होती आणि तुम्ही सवारी घेतली." मी म्हणालो, मी नाही घेतली. ती म्हणाली, पण तुम्ही पुढं बसला होता.

उमाताईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. मिटमिटा आमच्या हद्दीत, छावणी आमच्या हद्दीत नाही, छावणीची कचेरी वेगळी, असं त्यांनी सांगितलं. बाई मिटमिट्याच्या आधी गेल्या असतील तर मिटमिटा. मिटमिटा ते छावणी यात गेल्या असतील तर छावणी. त्यानंतर गेल्या असतील तर दवाखान्याचं दार. रूपाला विचारलं, तर ती म्हणाली, मला कळलं नाही. दगडाबाई झोपेत होती, हे तिनं आता स्वतःच कबूल केलं. वर असंही म्हणाली, की गाडी हलली की तिला झोप येते हा तिच्या माहेरचाच दोष आहे.

"मग टोपलंवाल्या बाईला विचारा," उमाताई म्हणाल्या आणि डबा उघडला.

छावणीचा बाजार गुरुवारी भरतो, म्हणून पुढच्या गुरुवारी आम्ही निघालो. राजकुमार सांडूच्या गाडीत बसायला तयार नव्हता. तो मोटारसायकलवर पुढं गेला, आणि ती बाई त्यानं बघितलेली नसल्यामुळं बाजाराच्या तोंडाशी उन्हात आमची वाट बघत उभा राहिला. आम्ही बाकीचे सांडूच्या गाडीत. मिटमिट्याला दोघातिघांनी हात दाखवला. सांडूनं मान खाली घातली आणि गाडी तशीच काढली. मागून कुणीतरी शिवी दिलेली ऐकू आली.

बाजार भरलेला. बकऱ्या, कोंबड्या, जुनी अवजारं, भाजीच्या ताडपत्र्या. मुश्कील अशी, की त्या बाईचं तोंड आम्हालाही नीट आठवत नव्हतं. मी तिला बघितलंच नव्हतं, रूपाचं लक्ष सासूकडं, दगडाबाईला फक्त टोपलं आठवत होतं. दगडाबाई प्रत्येक टोपल्यापाशी थांबून ते हातानं दाबून बघायला लागली. एका लसूणवाल्या चाचानं विचारलं, "क्या होना आपकू?" सरितानं सांगितलं, मिटमिट्याची एक बाई पाहिजे, भाजीवाली. तो म्हणाला, मिटमिट्याच्या तर पुष्कळ येतात, तुमच्या बाईनं काय केलंय? सरिता म्हणाली, तिनं काही केलं नाही, आमची आई तिच्यासमोर वारली. चाचा उठून उभा राहिला. त्यानं पलीकडच्या ताडपत्रीकडं हात केला आणि म्हणाला, द्वारकाबाईला विचारा, ती मागच्या आठवड्यात असंच काहीतरी सांगून रडत होती.

द्वारकाबाई शेवग्याच्या शेंगा बांधत होती. आम्ही सहा माणसं समोर उभी राहिलेली बघून तिनं तागडी उचलली. मी म्हणालो, बाई, तुम्ही एका गुरुवारी जीपमधून आला होता, आत एक आजारी बाई आडवी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं.

"तोंड नाय ओळखत. मागं वळा."

मी मागं वळलो. भर बाजारात, बकऱ्यांकडं तोंड करून उभा राहिलो.

"हां," ती म्हणाली. "हीच चामखीळ. कानामागची. तिनं दाखवली होती मला, म्हणाली, तो म्होरं बसलाय ना चामखीळवाला, तो माझा."

मी परत वळलो तेव्हा रूपानं पदर तोंडावर घेतला होता. राजकुमार पुढं आला आणि शेंगांच्या ढिगापाशी उकिडवा बसला.

"मावशी, आई बोलली तुमच्याशी?"

द्वारकाबाईनं सांगितलं, ते सगळं मी सांगतो. ती गाडीत चढली तेव्हा जागा नव्हती. तिला वाटलं, उतरून जावं. पण आडव्या बाईनं पाय आखडून घेतले आणि हातानं बाक थोपटला, बस म्हणाली. सून म्हणत होती, हलू नका, तर तिला म्हणाली, गाडी काय आपल्या एकट्याची हाय का. मग टोपल्यात काय आहे ते विचारलं. शेंगा म्हटल्यावर एक काढून बघितली आणि निबर आहे म्हणाली. द्वारकाबाईला राग आला, कारण शेंगा कोवळ्या होत्या. पण बाईचा हात गार लागला म्हणून तिनं तो हातात धरला.

"मी झोपले नसते तर मी धरला असता," दगडाबाई म्हणाली.

"मंग तिनं इचारलं, कुठं उतरायचं तुला?" द्वारकाबाई सांगत होती. "मी म्हटलं, छावणीला. तर म्हणली, मंग मी बी तिथंच उतरते. या म्हाताऱ्यासंगं लांबवर बसवत नाय, सारखा आलंच आलंच करतो. मला हसू आलं. ती बी हसली. मंग छावणीची मोठी झाडं लागली बघा, तिथं हात ढिला पडला. मी लई मयतं धुतल्यात. मला कळलं."

"मग सांगितलं का नाही?" सरितानं विचारलं.

"कुणाला सांगू? ही केसांवरनं हात फिरवत होती. तो म्होरं आलंच म्हणत होता. मी परकी बाई, टोपलं घेऊन चढलेली. मी उतरले. भाडं द्यायला गेले तर ह्यानं घेतलं नाय." तिनं सांडूकडं बोट केलं. "तवापासनं मनात ऱ्हायलंय, की म्हाताऱ्याला सांगायला पाहिजे होतं."

मी तिला म्हणालो, आता सांगितलंत.

राजकुमार तसाच बसून होता. त्यानं विचारलं, "तिला लई त्रास झाला का हो?"

"नाय बाबा. सरकली, माझ्या शेंगांना नावं ठेवली, हसली. मला तर असं मरण आलं तर चालंल."

राजकुमारनं शेंगांची एक जुडी उचलली आणि हातात घेऊन नुसताच बसला. मग तो उठला. सांडू दोन पावलं मागं सरकला. राजकुमार त्याच्याजवळून तसाच पुढं गेला आणि दुसऱ्या ताडपत्रीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. रूपा त्याच्या मागं गेली. तिनंच नंतर मला सांगितलं, की तो एवढंच म्हणाला, ही बाई चढली नसती तर आई कुणाशी बोलली असती? आणि रूपानं त्याला तिथं सांगितलं, जे ती घरात सांगत नव्हती. झाडांपाशी तिलाही कळलं होतं. पण मेल्या म्हटलं असतं तर सांडूनं गाडी हळू केली असती आणि बाबांनी मागं वळून बघितलं असतं. म्हणून ती पुढं दवाखान्यापर्यंत झोपल्यात, झोपल्यात म्हणत राहिली.

द्वारकाबाईनं शेंगा शेजारणीच्या हवाली केल्या आणि आमच्याबरोबर कचेरीत आली. लसूणवाला चाचाही निघाला होता, त्याला आम्ही थांबवलं.

छावणीच्या कचेरीत लक्ष्मणराव नावाचे वयस्कर कारकून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, खबर गाडी चालवणाऱ्याची. सांडू पुढं गेला. त्याला वाटत होतं, गाडीचा परवाना मागतील. लक्ष्मणरावांनी सांगितलं, मला परवाना नको, गाडी कुठं थांबवली आणि का, एवढं बोल.

"बाजाराच्या तोंडाशी. बाई उतरायची होती."

"त्याआधी मृत्यू झालेला होता?"

सांडूनं द्वारकाबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली. "व्हय," सांडू म्हणाला. एवढा एक शब्द बोलताना तो रडायला लागला. लक्ष्मणरावांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि पुढचं विचारलं.

"मयताशी तुझं नातं?"

सांडूनं पाणी पिऊन विचार केला. "सवारी," तो म्हणाला.

लक्ष्मणरावांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं. कुणी हसलं नाही. मग सरिता हसली, आणि तिला बघून दगडाबाई हसली, आणि शेवटी राजकुमारच्या नाकातून काहीतरी आवाज निघाला. तो टेबलापाशी आला. "शेजारी लिहा साहेब," तो म्हणाला. "आईच्या हातचं जेवून मोठा झालाय." सांडूला रडता रडता सही करता येईना, तेव्हा राजकुमारनं कागद सरकू नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला. पण सांडूशी तो बोलला नाही. अजूनही नीट बोलत नाही. गाडीत बसतो मात्र.

मृत्यूचं ठिकाण लिहायची वेळ आली तेव्हा राजकुमारला पुन्हा राहवलं नाही. त्यानं हळूच विचारलं, की रस्त्यावर असं न लिहिता काही दुसरं लिहिता येईल का, लोक वाचतात. लक्ष्मणराव माझ्याकडं वळले. "आजोबा, तुमचं काय म्हणणं?"

या सगळ्या दिवसांत कचेरीत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो, छावणीचा बाजार लिहा. त्यांनी लिहिलं.

दाखल्याच्या प्रती किती पाहिजेत असं विचारलं, तर एक राजकुमारला, एक सरिताला, एक दगडाबाईला पाहिजे झाली. बहीण आहे मी, ती म्हणाली. सांडूनं मागितली नाही, पण लक्ष्मणराव प्रती मोजायला लागले तेव्हा तो जवळ येऊन उभा राहिला. त्यालाही एक मिळाली.

दाखला हातात आल्यावर मी एकटाच अप्पारावकडं गेलो. त्यानं कागद उजेडाकडं धरून वाचला. मग पुन्हा वाचला.

"छावणी बाजार? काका, काकू तिथं कशा काय?"

"उतरायचं होतं तिला तिथं."

"मधेच?"

"मधेच. संगत मिळाली होती."

अप्पारावनं वही काढली, घराच्या नोंदीवर तिच्या नावापुढं मयत लिहिलं आणि खाली माझं नाव लिहायला घेतलं. मी त्याला म्हणालो, जरा हळू लिही.